तिच्या अक्षरात मी लिहिलेली पत्रं

माझं स्वतःचं अक्षर वाईट आहे. शाळेत बाई म्हणायच्या, कोंबडीचे पाय शाईत बुडवून तिला कागदावर सोडलं तर ती याहून बरं लिहील. दुसऱ्याचं अक्षर मात्र मला पहिल्यापासून काढता यायचं. मैत्रिणींच्या प्रगतिपुस्तकावर त्यांच्या वडिलांच्या सह्या मीच करायचे आणि एकदाही कुणी पकडलं नाही. हा गुण चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. भूकंपानंतर तो पहिल्यांदा समाजाच्या उपयोगी पडला.

तेव्हा मी नांदेडला कॉलेजात होते. आमची एक तुकडी लातूरकडच्या एका पडलेल्या गावाशेजारी, पत्र्याच्या शेडमध्ये मदतीला गेली होती. तिथे लांबून लांबून कपडे, भांडी, पुस्तकं यायची. लग्नात घालायचे कोटसुद्धा यायचे. पाठवणाऱ्यांची अपेक्षा माफक असायची: ज्या मुलाला मदत पोचली, त्याच्या हातचं दोन ओळींचं पत्र. मुलं लिहीत नव्हती. काही तर बोलतही नव्हती. तुकडीचे प्रमुख म्हणाले, ‘दाते वाट बघून राहिलेत.’ मग ती पत्रं मी लिहिली. लहान मुलाचं पत्र डाव्या हाताने, मोठ्या मुलीचं उजव्या हाताने पण उभट, आणि प्रत्येकात एक खाडाखोड. एका दात्याला मी काढलेलं आठ वर्षांच्या मुलाचं अक्षर इतकं आवडलं की त्याने त्याला शाईचं पेन पाठवलं. तो मुलगा तोवर मामाकडे निघून गेला होता. ते पेन मी बरेच दिवस वापरलं.

पुढे मी डीटीपी शिकले. नांदेडच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक केले आणि काही वर्षांनी लातूरला एका क्लासच्या कचेरीत लागले. लातूरचं तेव्हा नुकतंच नाव व्हायला लागलं होतं. भूकंपाने ओळखलं जाणारं गाव आता गुणवत्ता यादीने ओळखलं जावं, असं भाषणांतून सांगितलं जायचं. गल्लीगल्लीत क्लास निघत होते, घराघरांवर मजला चढवून तिथे मुलं ठेवली जात होती. आमच्या क्लासचे संचालक स्वतःला फक्त ‘सर’ म्हणवून घ्यायचे. पाच चौकांत त्यांचे फलक होते. त्यांवर नंबरात आलेल्या मुलांचे फोटो तिकिटाएवढे आणि सरांचा फोटो म्हशीएवढा. हे फलक मीच करायचे, त्यामुळे मापं मला पाठ होती.

सरांच्या माहितीपत्रकात एक वाक्य ठळक असायचं: ‘आमच्याकडे मूल घराला विसरत नाही.’ त्याचा अर्थ असा की वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाने दर रविवारी एक तास घरी पत्र लिहायचं. पत्र उघडंच द्यायचं, रेक्टरबाई वाचणार, खटकेल ती ओळ खोडून घेणार, मग कचेरीतून टपालात. टेलिफोन महिन्यातून एकदा, तोही बाई शेजारी उभ्या असताना. पण बारावीच्या वर्षात रविवारीही चाचण्या सुरू झाल्या आणि हा एक तास सरांच्या डोळ्यांत सलायला लागला. पत्रं बंद करता येत नव्हती, कारण पालकांना त्याच गोष्टीचं अप्रूप होतं. गावात टपाल आलं की चारजणांना वाचून दाखवायचं, ‘पोराचं पत्र हाय लातूरहून’.

एक दिवस सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हैदराबादहून आलेला एक प्रोग्रॅम त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात पाहिला होता. माणसाच्या अक्षराचे नमुने घ्यायचे, स्कॅन करायचे, आणि मग तुम्ही टाइप कराल ते त्या माणसाच्या अक्षरात उमटतं.

‘मॅडम, आईबापाला लेकराचं अक्षर दिसलं की पुरे असतं,’ सर म्हणाले. ‘मजकूर कोण वाचतो?’

‘मजकूर कोण लिहिणार?’ मी विचारलं.

‘तुम्ही वाचणाऱ्या बाई आहात. टेबलावर सदा कादंबरी पडलेली असते. तुम्हीच लिहा.’

मी अजिबात विरोध केला नाही. हे नोंदवून ठेवते, कारण अशा आठवणी लिहिताना लोक आपल्याला त्याच वेळी काहीतरी टोचलं होतं असं लिहितात. मला काम आवडलं. फार बारकाईचं होतं. चार पानी तक्ता केला, त्यात चौकटी. प्रत्येक अक्षर तीनदा, प्रत्येक काना-मात्रा-वेलांटी तीनदा, नेहमीची जोडाक्षरं तीनदा. एकच ‘म’ दर वेळी तसाच आला तर संशय येतो, म्हणून प्रोग्रॅमने तिन्हीतला कुठलाही उचलायचा, ओळ मधूनच किंचित खाली घसरू द्यायची. माणसाच्या हाताला जी चूक फुकट जमते, ती मशिनला शिकवायला मला तीन आठवडे लागले. कागद आखीव वहीचा घेतला. शिपाई प्रत्येकाची एक बाजू हाताने फाडून ओबडधोबड करायचा. शाई निळी.

कक्षाचं उद्‌घाटन झालं. पाटीवर ‘पालक-संपर्क विभाग’ एवढंच. एका निवृत्त साहेबांनी फीत कापली, मॉनिटरला कुंकू लावलं, प्रिंटरपुढे नारळ फोडला, आणि संस्कार व तंत्रज्ञान यांच्या संगमावर पाऊण तास बोलले. संगमात नेमकं काय मिसळतंय ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलांना मात्र सगळं सांगितलं होतं. त्यांनी आनंदाने तक्ते भरून दिले. एका तासाच्या झोपेसाठी त्या वयात, त्या वर्षात कुणीही आपलं अक्षर विकलं असतं. दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत काहींनी घरी सांगितलंही असणार. पण ‘ते पत्र मी लिहीत न्हाई, माझ्या अक्षरात कॉम्प्युटर लिहितंय’ असं पोरगं म्हणालं, तर त्या काळात त्याला थापाड्याच समजत. कॉम्प्युटरचं अक्षर कसं असतं ते लोकांना माहीत होतं. छापील असतं.

मी सहा पत्रं लिहिली. एक चांगल्या गुणांचं, एक मध्यम गुणांचं, एक पश्चात्तापाचं, एक सणाचं, एक आजारातून उठल्याचं, आणि एक नुसतं मायेचं. गुणांचा आकडा चाचणीच्या यादीतून आपोआप येऊन बसायचा. माझ्या लेखनाला इतके वाचक पुन्हा मिळाले नाहीत. लोह्याकडच्या एका घरातले दोघं चुलतभाऊ आमच्याकडे होते. त्या घरात एकाच दिवशी दोन अक्षरांत एकच पत्र पोचलं: ‘काल जेवताना तुमची फार आठवण आली.’ त्यांच्या आजोबांनी उलट टपाली दोघांना झापलं. मोठ्याला लिहिलं होतं की धाकट्याला पत्राचीसुद्धा कॉपी करू देतोस, परीक्षेत काय दिवे लावणार. सरांनी ते पत्र मला हसत हसत दाखवलं आणि दोघांच्या पत्रांत चार दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलं.

सगळ्या तक्त्यांत एक तक्ता असा होता की तो मी भिंतीवर लावला. देगलूरकडच्या एका खेड्यातल्या मुलीचा. तिचे वडील तिथेच प्राथमिक शाळेत गुरुजी. कचेरीत कुणी पाहुणे आले की सर तो तक्ता दाखवायचे. अक्षर असं की चौकट आधी होती की अक्षर आधी, असा प्रश्न पडावा. तिची पत्रं प्रिंटरमधून निघाली की मी क्षणभर बघत बसायचे. गुरुजींची उत्तरं यायची. त्यात मुलीच्या तब्येतीची चौकशी शेवटच्या ओळीत, त्याआधी अक्षराची समीक्षा. ‘तुझी शिरोरेषा आता अगदी सरळ येऊ लागली आहे. लातूरचे पाणी मानवले.’ सरळ येणारच होती. मी ती अर्ध्या अंशाने दुरुस्त केली होती.

संक्रांतीनंतर ती मुलगी एकदा दुपारी माझ्या खोलीत आली. दारात उभी राहिली. सहा महिन्यांपूर्वी तक्ता द्यायला आली होती तेव्हापेक्षा निम्मी झाली होती. वेणी शेपटासारखी बारीक.

‘मॅडम, या रविवारचं पत्र मी हाताने लिहू का?’

‘कशाला? चाचणी आहे ना रविवारी.’

‘मला लिहायचंय.’

‘नियम नाही गं तसा. सगळ्यांची इथूनच जातात.’

ती थोडा वेळ भिंतीवरच्या स्वतःच्या तक्त्याकडे बघत होती. मग म्हणाली, ‘मग तुमच्या पत्रात एक ओळ घाला.’

‘कोणती?’

‘अप्पा, मला घेऊन जा. बस, एवढीच.’

‘का? काय झालं?’

‘काही न्हाई झालं. मला काही समजूनच नाही राहिलं. पुस्तक उघडलं की अक्षरं हलतेत. रात्री छाती धडधडती. जेवले की उलटी होते. बाईंना सांगितलं तर म्हणतेत नाटकं करती. मला डॉक्टर नाही व्हायचं, मॅडम. मला फक्त घरी जायचंय.’

मी तिला सांगितलं की पत्राचा नमुना ठरलेला असतो, त्यात अशी ओळ बसत नाही.

खरं म्हणजे ती ओळ टाइप करायला दहा सेकंद लागली असती. बसलीही असती. तिच्याकडे तेवढे सगळे ‘अ’ आणि ‘प’ होते, तिन्ही नमुन्यांत. पण टपालात टाकण्याआधी सर गठ्ठ्यातली दहा-वीस पत्रं काढून बघायचे, आणि माझी नोकरी अशी होती की दुसरी मिळाली नसती. दहा-वीसमध्ये तिचं पत्र नेमकं निघालं असतं की नाही, कोण जाणे. मी ते करून बघितलं नाही. त्या रविवारी तिच्या घरी मध्यम गुणांचं पत्र गेलं: ‘अभ्यास उत्तम चालला आहे. मी इथे मजेत आहे. माझी काळजी करू नका.’

रेक्टरबाईंना मी तिच्याबद्दल विचारलं. त्या स्वेटर विणत होत्या. ‘लई लाडाची हाय ती,’ म्हणाल्या. ‘दरसाल एखादी असतीच अशी. डॉक्टरला दाखवलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. काही न्हाई होत. परीक्षा झाली की आपोआप बऱ्या होतेत पोरी.’

मुलीने शेवटी पत्र लिहिलंच. कुठे लिहिलं ते नंतर कळलं. वसतिगृहात आतून कडी लागणारं दार एकच होतं, संडासाचं. चाचणीच्या प्रश्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, गुडघ्यावर कागद ठेवून, बॉलपेनने. मेसमध्ये पोळ्या लाटायला येणाऱ्या मावशींनी ते कंबरेला खोचून बाहेर नेलं आणि पेटीत टाकलं.

आणि आठवड्याच्या आत गुरुजी लातूरला हजर झाले.

मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. पांढरा सदरा, टोपी, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. हातात कापडी पिशवी. पहाटेच्या एस.टी.ने निघून आले होते आणि उपाशी होते, पण सरांनी चहा पुढे केला तर म्हणाले, ‘आधी काम.’ मला केबिनमध्ये बोलावण्यात आलं. सरांनी ओळख करून दिली, ‘या आमच्या हस्ताक्षर-तज्ज्ञ.’ मी नमस्कार केला. गुरुजींनी पिशवीतून एक प्लास्टिकची फाईल काढली. आमची सगळी पत्रं तारखेवार लावलेली. त्यांवर लाल पेनने बारीक बारीक बरोबरच्या खुणा. मग खिशातून दुमडलेली प्रश्नपत्रिका काढली आणि ती टेबलावर अशी ठेवली, जशी मेलेली पाल चिमटीत धरून ठेवावी.

‘सर, माझ्या लेकीच्या नावानं कुणीतरी खोटी पत्रं पाठवून राहिलंय,’ गुरुजी म्हणाले.

सरांनी ते पत्र वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती दिसली, मग गुरुजींचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं, आणि भीतीच्या जागी जे हसू आलं ते मी त्यांच्या फलकांवर पाच चौकांत लावलं होतं.

‘गुरुजी,’ सर हळू आवाजात म्हणाले, ‘मी तुम्हाला हे सांगणारच होतो. आपली मुलं फोडायला दुसरे क्लासवाले कुठल्या थराला जातात, तुम्हाला कल्पना नाही.’

‘तेच म्हणलं मी. आमच्या मंडळींनी रडून घर डोक्यावर घेतलंय. म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा अन् घेऊन या. मी म्हणलं, अगं, अक्षर बघ. मी पस्तीस वर्षं पोरांचे हात धरून अक्षर गिरवून घेतोय. माझ्या लेकीचं अक्षर मला कळणार न्हाई?’ मग माझ्याकडे वळून, ‘बाई, तुम्ही जाणकार. हे बघा.’

त्यांनी आमचं एक पत्र उलटं केलं आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवलं. ‘गुळगुळीत. पहिलीपासून मी पोरांना सांगतो, पेन कागदावर तरंगलं पाहिजे. मागं वळ उठला की छडी. तिला तर सगळ्यात जास्त बसल्या, घरची म्हणून. अन् आता हे बघा.’ त्यांनी माझं बोट धरून प्रश्नपत्रिकेवर टेकवलं. वळ असे उठले होते की आंधळ्यानेही वाचलं असतं. एके ठिकाणी कागद फाटला होता. ‘घेऊन जा’ वर. ‘असं अक्षर माझी लेक मेली तरी काढणार न्हाई.’

‘काय मॅडम?’ सर म्हणाले. ‘तुमचं मत?’

दोन कागद माझ्यासमोर होते. एक मी लिहिलेला, एक तिने. मी म्हणाले, ‘दोन्हींचं वळण वेगळं आहे.’

हे खरं होतं. मला त्या वेळी आपण खरं बोललो याचं समाधानही वाटलं.

‘मुलीलाच बोलवा,’ सर म्हणाले. एवढा विश्वास त्यांना कशाने आला, देव जाणे. बहुधा माझ्या वाक्याने.

रेक्टरबाई तिला घेऊन आल्या. वडिलांना बघून ती आधी हसली. मी तिला हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, पत्र पोचलं. पोचलं होतंच म्हणा.

‘अप्पा, आलात?’

‘आलो. हे कुणी लिहिलंय?’

‘मी.’

‘खोटं बोलू नको बाळ. कुणी लिहायला लावलं?’

‘मीच लिहिलंय, अप्पा. बाकीची मी न्हाई लिहिली. ती कॉम्प्युटर लिहितं. या मॅडम टाइप करतेत, अन् मशीन माझ्या अक्षरात काढतं.’

गुरुजींनी सरांकडे पाहिलं. सर हसले. मग गुरुजीही हसले, जरा लाजून, पाहुण्यांसमोर लेकराने काहीतरी वेड्यासारखं बोलावं तसे.

‘कॉम्प्युटरचं अक्षर मी बघितलेलं हाय,’ ते म्हणाले. ‘आमच्या केंद्रशाळेत आलाय एक. ते ठोकळ्यासारखं असतंय. हे जिवंत हाय. बस इथं. पेन घे.’

‘अप्पा, मला घरी न्या.’

‘नेतो नेतो. आधी लिही. लिही, माझे गाव नदीच्या काठी आहे.’

ती बसली. गुरुजी तिच्या उजव्या खांद्यामागे उभे राहिले, वर्गात उभे राहत असतील तसे. मला वाटलं, आता वाकडं येईल, आता सुटेल ही. पण तिने पेन धरलं, आणि बोटं आपोआप जागच्या जागी गेली. पाठ ताठ झाली. डावा पंजा कागदावर सपाट बसला. ‘माझे’ लिहून झालं तेव्हा ते थेट माझ्या भिंतीवरच्या तक्त्यातलं होतं. दुसऱ्या शब्दावर ती थबकली. तिला कळलं असावं आपण काय करतोय ते. तिने वर वडिलांकडे पाहिलं.

‘थांबू नको,’ गुरुजी म्हणाले, ‘शिरोरेषा तुटती.’

तिने वाक्य पुरं केलं. वाईट अक्षर काढायला ती शिकलेलीच नव्हती. ते तिला एकदाच जमलं होतं, एकटी असताना. गुरुजींनी कागद उचलला, उलटा केला, मागून बोट फिरवलं, आणि मग आम्हा सगळ्यांना फिरवायला लावलं. गुळगुळीत.

‘झालं?’ त्यांनी विचारलं. कुणाला, कुणास ठाऊक.

मुलगी म्हणाली, ‘अप्पा, पत्र कुणीही लिहू द्या. मी आता तोंडाने सांगते. मला न्या.’

मग गुरुजींनी तिला जवळ घेतलं. ते दुष्ट नव्हते. डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘घाबरलीस तू. कुणीतरी कान भरलेत तुझे. दीड महिना राहिलाय फक्त. हे बघ, तुझं अक्षर अजून जागेवर हाय. ज्याचं अक्षर जागेवर, त्याचं चित्त जागेवर.’

मी तेव्हापासून यावर पुष्कळ विचार केला आहे. पत्र तिचंच आहे हे त्यांनी मानलं असतं तरी कदाचित तिला नेलं नसतं. वर्ष वाया घालवून पोरगी परत आणणं त्या गावात सोपं नव्हतं. पण मग त्यांना स्वतःला सांगावं लागलं असतं की लेकीने बोलावलं आणि आपण नेलं नाही. आम्ही त्यांची त्यातून सुटका केली. दोन वाजताच्या गाडीने ते गेले. जाण्याआधी सरांनी त्यांना मेसमध्ये जेवायला घातलं.

चौकशी होऊन पोळ्यावाल्या मावशींना दुसऱ्या दिवशी काढण्यात आलं. आणि सरांनी मला सातवं पत्र लिहायला सांगितलं. ‘असा प्रकार पुन्हा नको. पालकांना सावध करा. क्लासतर्फे नको, मुलांकडूनच जाऊ द्या.’ मी लिहिलं: ‘हल्ली काही लोक आमच्या नावाने घरी खोटी पत्रे पाठवतात. अक्षर वेडेवाकडे असेल किंवा परत येण्याचा मजकूर असेल, तर ते पत्र माझे नाही असे समजावे.’ मसुदा एकदाच केला, दुरुस्ती लागली नाही. सगळ्या मुलांच्या अक्षरांत निघालं. तिच्याही. यादीतून तिचं नाव वगळावं असं माझ्या मनात आलं होतं. पण मग संख्येचा मेळ बसला नसता आणि सरांनी विचारलं असतं.

गुरुजींचं उत्तर आलं. ‘ही खरी माझी लेक.’ त्याखाली लाल शाईत दोनदा रेघ.

त्यानंतर मुलगी शांत झाली. बाई म्हणाल्या, बघा, बसली की नाही घडी. ती जेवायची, वर्गात बसायची, विचारलं तर ‘हो’ म्हणायची. लिहायची मात्र थांबली. चाचणीचे पेपर कोरे यायला लागले, म्हणून मी तिच्यासाठी दर रविवारी पश्चात्तापाचं पत्र काढायचे. बोर्डाच्या परीक्षेत तिने काय केलं मला माहीत नाही. निकालाच्या फलकावर तिचा फोटो मी लावला नाही, एवढं आठवतं.

परीक्षा संपल्यावर गुरुजी तिला न्यायला आले. रिक्षा फाटकाशी उभी. ती ट्रंक पायाशी घेऊन आधीच बसली होती. मी काहीतरी द्यायला बाहेर आले होते. बहुधा तिचं ओळखपत्र. गुरुजींनी मला थांबवलं. हातात पेढ्यांचा पुडा होता.

‘बाई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं,’ ते म्हणाले. ‘तिची पत्रं मी शाळेत नेऊन ठेवलीत. तिसरीच्या वर्गाला गिरवायला देऊन राहिलो. वर पातळ कागद ठेवायचा अन् खालचं दिसतं तसं काढायचं. पोरांचं अक्षर काय सुधारलंय म्हणता! एकेकाला पाठ झालंय, मी इथे मजेत आहे, माझी काळजी करू नका.’

‘मोठ्याने म्हणत लिहितात?’ मी विचारलं.

‘मग! म्हणत लिहिलं की हात चुकत न्हाई.’

रिक्षातून आवाज आला, ‘अप्पा, उशीर होतोय.’

‘आलो. अगं, बाईंना नमस्कार केलास का?’

ती उतरली. माझ्यासमोर येऊन वाकली, आणि माझ्या पावलांच्या अलीकडे, जमिनीला हात लावून, तशीच मागे जाऊन बसली. गुरुजींना दिसलं नाही. ते पुड्याचा दोरा सोडत होते.

पेढा मी घेतला.